बारीक अंगाची साखर : चरबीच्या प्रथिनांचा इतिहास

आपल्याकडे कुणाला 'साखर निघाली' म्हटलं की ढेरीवाला, गादीवर बसून खाणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. उन्हात राबणाऱ्या, बरगड्या दिसणाऱ्या माणसाला कसली आलीय साखर, असं आपण सहज बोलून जातो. धाराशिवसारख्या जिल्ह्यात हा समज जास्तच पक्का, कारण इथे लठ्ठ व्हायची सोयच फारशी कुणाला नव्हती. हा समज कसा मोडत गेला, त्याची गोष्ट आज सांगायची आहे. ती अमेरिकेतल्या एका उंदरापासून सुरू होते आणि पुण्याजवळच्या सहा गावांत येते.

विसाव्या शतकात बराच काळ वैद्यकाच्या लेखी चरबी म्हणजे कणगी. सुगीत भरायची, टंचाईत उपसायची. कणगी काय बोलणार? संप्रेरकं तयार करायची ती ग्रंथींनी. 1921 साली टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळं काढलं, तेही एक प्रथिनच. रक्तातली साखर आत घ्या, असा निरोप ते स्नायूंना आणि चरबीला देतं, आणि यकृताला सांगतं की तू नवी साखर सोडू नकोस. थोड्या इन्शुलिनवर काम भागलं तर शरीर त्याला 'संवेदनशील' आहे. त्याच कामाला दुप्पट-तिप्पट इन्शुलिन लागायला लागलं की समजायचं, निरोप ऐकू येईनासा झालाय. त्यालाच इन्शुलिन-रोध म्हणतात. मधुमेह उघड व्हायच्या कितीतरी वर्षं आधी हे सुरू झालेलं असतं.

आता तो उंदीर. 1949 साली अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत एक जातिवंत लठ्ठ उंदीर सापडला. त्याची भूक संपतच नसे. पुढे डग्लस कोलमन यांनी अशा उंदराचा रक्तप्रवाह निरोगी उंदराच्या रक्तप्रवाहाशी जोडला, तेव्हा लठ्ठाचं खाणं कमी झालं. म्हणजे रक्तातून काहीतरी निरोप जात होता. तो कोणता, हे 1994 साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलं. तो निरोप म्हणजे चरबीच्या पेशींत तयार होणारं एक प्रथिन, लेप्टिन. 'भरपूर साठा आहे, खाणं आवर' असं ते मेंदूला सांगतं. कणगी बोलत होती! लगेच वजन उतरवणाऱ्या औषधाची स्वप्नं पडू लागली. पण बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन आधीच भरपूर असतं. मेंदू ऐकत नाही, एवढंच.

पाठोपाठ, 1995-96च्या सुमारास, अॅडिपोनेक्टिन सापडलं. त्याचा स्वभाव उलटा. चरबी वाढली की, विशेषतः पोटातली, ते कमी होतं. यकृत आणि स्नायू इन्शुलिनचं ऐकत राहावेत म्हणून जे प्रथिन मदत करतं, तेच नेमकं आटतं. म्हणून चरबी किती आहे इतकंच ती कुठे आहे हेही महत्त्वाचं. वजनकाट्याला हे दिसत नाही.

आता पुणे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डमध्ये काम करून केईएम रुग्णालयात आले. पाश्चात्त्य पुस्तकात मधुमेही लठ्ठ, आणि इथे समोर बसलेले रुग्ण त्या मापाने सडपातळ. त्याच काळात इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर सांगत होते की कमी वजनाच्या बाळांना पुढे मधुमेह आणि हृदयविकार जास्त होतो. 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत, गर्भ राहायच्या आधीपासून, बायकांची मोजमापं सुरू झाली. (त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे भूकंप झाला, म्हणून साल लक्षात राहील.) या बायकांचं सरासरी वजन साधारण 42 किलो. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली 3.5 किलोची. दंड बारीक, पोटाचा घेर लहान. पण पाठीवर, खवाट्याखाली चिमटा घेऊन कातडीची घडी मोजली, तर तिथला फरक सगळ्यात कमी. मांस कमी, चरबी मात्र राखलेली. पुण्यातल्या आणि लंडनमधल्या बाळांच्या नाळेचं रक्त तपासलं, त्याचा निष्कर्ष 2002 साली छापून आला. वजन कितीतरी कमी असूनही पुण्याच्या बाळांत लेप्टिन जवळपास तेवढंच, आणि इन्शुलिन जास्त. पहिला श्वास घ्यायच्या आधीच हे ठरत होतं.

2004 साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. युडकिन मॅरेथॉन धावतात. माझा व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं, अशी याज्ञिकांची कबुलीही तिथेच आहे. मला हा फोटो फार आवडतो. स्वतःच्या पोटाचा पुरावा देणारे संशोधक थोडेच.

हे मी इथे का सांगतोय? त्या सहा गावांत आणखी एक गोष्ट दिसली. गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध ज्यांच्या खाण्यात होतं, त्यांची बाळं मोठी. विहिरीवरून पाणी वाहणं, शेतातली जड कामं ज्यांना शेवटपर्यंत करावी लागली, त्यांची लहान. भूम-परंड्याकडून ऊसतोडीला जाणारी बाई पोटुशी असताना मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तेव्हा ती याच हिशेबात असते. आणि '72च्या दुष्काळात, आई खडी फोडायला जात असताना, सुकडी आणि मिलोवर जी पोटात वाढली, ती माणसं आज पन्नाशीच्या पुढे आहेत. ती दवाखान्यात येतात तेव्हा 'तुम्ही तर बारीक आहात' म्हणून साखर न तपासता त्यांना परत पाठवणं, हे मी स्वतः पाहिलंय. भारतीयांसाठी बीएमआय 23 झाला की जादा वजन, 25ला लठ्ठपणा, आणि कंबर बाईची 80, पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या आत, ही मापं 2009 साली ठरली. कंबर मोजायची टेप शिंप्याकडेही मिळते.

पुण्याच्या अभ्यासातली ती बाळं मोठी झाली. दहापैकी सहाहून अधिक आयांत ब-12 जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात ब-12 कमी आणि फोलेट जास्त, त्यांची मुलं सहाव्या वर्षी सर्वांत जास्त इन्शुलिन-रोधी निघाली. म्हणून 2012 साली त्याच मुलामुलींना, लग्नाच्या आधीच, गोळ्या देणं सुरू झालं. पहिलं मूल होईपर्यंत रोज एक. तिच्यात ब-12 असायचं 2 मायक्रोग्रॅम.