अपघातानंतरचे ढिले स्टिअरिंग : निदानाच्या पद्धतीचा इतिहास

चालकाने स्टिअरिंग थोडे फिरवले तरी पुढची चाके जागची हलत नाहीत, तेव्हा त्या रिकाम्या फिरण्याला गॅरेजमध्ये ‘प्ले’ म्हणतात. अपघातानंतर दुरुस्त होऊन आलेल्या गाडीत हा प्ले नेमका कोठे आहे हे शोधण्याच्या पद्धतीला मोटारीइतकाच जुना इतिहास आहे, कारण स्टिअरिंगची रचना बदलली की दोष दडण्याची जागाही बदलते आणि जुन्या रचनेवर शिकलेला हात बराच काळ जुन्याच जागी दोष शोधत राहतो.

घोडागाडीचा पुढचा संपूर्ण आस मध्यावरच्या एका खिळीभोवती वळत असे. म्यूनिकचे गाड्या बांधणारे गेऑर्ग लांकेनस्पेर्गर यांनी आस स्थिर ठेवून प्रत्येक चाक स्वतंत्र खिळीभोवती वळवण्याची युक्ती काढली आणि तिचे इंग्लंडमधील पेटंट रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये घेतले. या रचनेत दोन्ही चाके एकत्र वळवण्यासाठी टाय रॉड, म्हणजे जोडदांडा, आवश्यक ठरला. त्याबरोबर सांधे वाढले आणि झिजण्याच्या जागाही वाढल्या. सुरुवातीच्या मोटारी साध्या दांड्याने वळवल्या जात. १८९४ च्या पॅरिस-रुआँ स्पर्धेत आल्फ्रेड वाशरों यांनी आपल्या पानार गाडीला गोल चक्र बसवले. पुढे चक्र आणि चाके यांच्यामध्ये वर्म, म्हणजे आटे पाडलेला दांडा, असलेली स्टिअरिंगपेटी आली. तिच्यामुळे हाताला जोर कमी लागू लागला. मात्र गाडी बहुतेक वेळ सरळच चालत असल्याने या पेटीची झीज मधल्या भागात सर्वाधिक होऊ लागली.

भारतातील गॅरेजांचा हात घडला तो प्रामुख्याने अशा पेट्यांवर. जीप आणि ट्रक यांच्याप्रमाणेच मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, हीदेखील पेटीचीच गाडी होती. पेटीवरचा स्क्रू आवळला की प्ले कमी होतो, हा या काळातला सर्वपरिचित उपाय होता आणि नुसत्या झिजेपुरता तो काही प्रमाणात योग्यही होता. अपघातग्रस्त गाडीत मात्र तो घातक ठरतो, कारण पेटीला चेसिसवर धरणारे बोल्ट सैल झाले असतील किंवा बोल्टांची भोके लांबट झाली असतील, तर स्क्रू आवळल्याने चक्र घट्ट लागते, पण पेटी बुडापासून हलतच राहते. शिवाय मध्यावर गरजेपेक्षा जास्त आवळलेली पेटी पूर्ण वळणाशी अडखळते.

रॅक-पिनियन रचनेत चक्राच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक (पिनियन) एका दातेरी पट्टीला (रॅक) थेट डावी-उजवीकडे सरकवते. ही रचना अ‍ॅम्बेसेडरमध्ये पूर्वीपासून होती, पण तिचा सर्वदूर प्रसार झाला तो डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० नंतर. या रचनेत सांधे कमी असल्याने प्ले मुळातच कमी असतो; उलट चाकाला बसलेला धक्का टाय रॉडमार्गे थेट रॅकपर्यंत आणि रॅकला बॉडीवर धरणाऱ्या रबरी बुशांपर्यंत पोहोचतो. रॅकप्रमाणेच चक्राचा दांडा धरणारा कॉलमही अपघातानंतर दोषाची जागा ठरू लागला. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६७ च्या गाड्यांपासून आणलेला, धडकेत आत दबणारा स्टिअरिंग कॉलम पुढे सर्वत्र रुळला. चालकाची छाती वाचवणारा हा कॉलम एकदा अंशतः दबला की त्याची पकड सुटते आणि तो वर-खाली हलू लागतो. तो बदलण्याऐवजी पुन्हा बसवणे ही दुरुस्तीतील अक्षम्य चूक होय.

यातून जी तपासणी रूढ झाली तिला दोन माणसे लागतात. गाडीची चाके जमिनीवरच ठेवून एकाने चक्र थोडे डावी-उजवीकडे हलवत राहायचे (हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असल्यास इंजिन चालू ठेवून) आणि दुसऱ्याने कॉलमपासून खाली एकेका सांध्यावर बोट ठेवत जायचे. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी थांबून राहते, तेथे दोष असतो. नंतर जॅकवर उचललेले चाक आडवे धरून हलवल्यास टाय रॉड व रॅकमधला ढिलेपणा जाणवतो, आणि वर-खाली धरून हलवल्यास बेअरिंग व बॉल जॉइंटमधला. कॉलम आणि रॅक जोडणारा सांधा इंजिन उतरवताना अनेकदा सोडवला जातो, म्हणून त्याचा बोल्ट सर्वांत आधी पाहावा. व्हील अलाइनमेंटने चाकांचे कोन जुळतात, प्ले जात नाही. किंबहुना प्ले काढल्याशिवाय केलेल्या अलाइनमेंटला काही अर्थ नसतो.

कायद्यानेही ही तपासणी हळूहळू आपलीशी केली. ब्रिटनमध्ये १९६० साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची चाचणी सुरू झाली, तेव्हा ब्रेक आणि दिवे यांच्या जोडीला स्टिअरिंग होते. तेथील तपासणी-पुस्तिकेत चक्राच्या कडेवर मोजलेला प्ले रॅकच्या गाडीला साधारणपणे १३ मिलिमीटर आणि पेटीच्या गाडीला ७५ मिलिमीटर इतकाच चालतो. भारताच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९८ वा नियम सांध्यांना रबरी टोप्या आणि बोल्टांना पक्की अडकण सक्तीची करतो, तसेच चक्रावर ३० अंशांपर्यंत प्ले मान्य करतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर हे अंतर दहा सेंटिमीटरहून अधिक भरते. जुन्या पेटीला ही सवलत कदाचित शोभेल. रॅकच्या गाडीत एवढा प्ले म्हणजे सुटत आलेला सांधा किंवा हललेला रॅक. त्यामुळे दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेणाऱ्याने नियमाच्या ३० अंशांवर समाधान मानू नये आणि वर सांगितलेली दोन माणसांची तपासणी आपल्यासमोर करून घेतल्याशिवाय बिल चुकते करू नये.