मदर तेरेसांचा अंधार

कलकत्त्यास बदली होऊन गेलेल्या आमच्या वाचकांपैकी अनेकांनी निळ्या काठाच्या पांढऱ्या लुगड्यातील धर्मभगिनी ट्राममध्ये किंवा कालीघाटाच्या आसपास पाहिल्या असतील. त्यांच्या संस्थापिकेची खाजगी पत्रे २००७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा मोठीच खळबळ उडाली. जवळजवळ पन्नास वर्षे आपणांस ईश्वराचे सान्निध्य जाणवले नाही, असे मदर तेरेसांनी आपल्या धर्मगुरूंस वारंवार कळविले होते. त्यावरून काहींनी त्यांना चक्क नास्तिक ठरवून टाकले. हा निष्कर्ष सवंग आहे, असे आम्हांस वाटते.

ईश्वराने टाकल्याची वेदना ख्रिस्ती धर्माच्या अगदी मुळाशी आहे. क्रूसावर प्राण सोडताना येशूने देवाला, तू माझा त्याग का केलास, असे विचारल्याचे मार्क व मत्तय सांगतात. तेही ग्रीक ग्रंथात त्याचे मूळ अरामी शब्द तसेच राखून. लूक आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत मात्र हा उद्गार नाही. तो यहुद्यांच्या २२ व्या स्तोत्राचा आरंभ होय, आणि त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो. म्हणून येशूच्या मनात ते सारेच स्तोत्र होते, असे काही भाष्यकार म्हणतात. आम्हांस हा तोडगा जरा सोयीचा वाटतो. आक्रोश हा आक्रोशच आहे, आणि तो पुसून न टाकता जपून ठेवण्याचे धैर्य त्या परंपरेने दाखविले, हे अधिक महत्त्वाचे.

पुढे सोळाव्या शतकात स्पेनमधील क्रूसाचा संत योहान याने या अनुभवास 'रात्र' हे नाव दिले. सुधारणेस विरोध करणाऱ्या स्वतःच्याच पंथबंधूंनी त्यास १५७७ च्या डिसेंबरात तोलेदो येथे कोंडले. पुढल्या ऑगस्टमध्ये तो निसटला. त्याच्या मते ही रात्र शुद्धीची असते आणि तिच्या पलीकडे मीलनाची पहाट असते.

मदर तेरेसांची अडचण नेमकी येथेच होती. त्यांची पहाट आधीच होऊन गेली होती. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना दरिद्री जनांच्या सेवेचा आदेश जाणवला, आणि त्यानंतर काही काळ त्या सान्निध्याच्या सुखात न्हाऊन निघाल्या. काम सुरू झाले, १९५० मध्ये संस्थेस मान्यता मिळाली, आणि त्याच सुमारास आतला दिवा विझला. १९५८ च्या अखेरीस थोडे दिवस तो पुन्हा लागला, इतकेच.

तुकोबांनीही विठ्ठलाशी भांडण मांडले. पण ते कीर्तनात, चार लोकांसमक्ष. या बाईंचे भांडण बंद लिफाफ्यांतून चालले, आणि बाहेर चेहरा हसरा राहिला. किती एकाकीपणा असेल तो!

१९६१ साली त्यांची गाठ फादर योसेफ नॉयनर यांच्याशी पडली. हे ऑस्ट्रियन जेझुइट पंडित. पुण्यात त्यांनी वर्षानुवर्षे धर्मशास्त्र शिकविले होते. त्यांनी बाईंस सांगितले की यावर मानवी उपाय नाही. देव जाणवणे हाच काही तो असल्याचा एकमेव पुरावा नव्हे. उलट त्याच्यासाठी लागलेली ही तहान हीच त्याच्या गुप्त सान्निध्याची खूण आहे. ही शुद्धीची रात्र नसून क्रूसावरील त्या आक्रोशात, आणि ज्यांना कोणी नाही अशांच्या दुःखात, वाटा घेणे आहे. अंधार त्याने हटला नाही. पण आपण त्या अंधारावर प्रेम करू लागलो आहोत, असे मदर तेरेसांनी त्यांना पुढे कळविले.

ही पत्रे नष्ट करावीत, अशी बाईंची इच्छा होती. धर्मगुरूंनी ती मानली नाही. १९९७ मध्ये त्यांचे देहावसान झाल्यावर संतपदाच्या चौकशीत कागद पुढे आले, आणि २०१६ साली रोमने त्यांना संत घोषित केले. नॉयनर तोवर हयात नव्हते. पत्रे छापून झाल्यावर दोन वर्षांनी, २००९ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी ते पुण्यातच वारले.