एकाच संगणकावरून अनेक सर्व्हर कसे सांभाळायचे? जाणून घ्या रिमोट डेस्कटॉपची घडी बसवण्याची सोपी पद्धत

अकोला ते अमरावती हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. याच मार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला होता. पण रस्ता कितीही चांगला असला, तरी अमरावतीच्या सर्व्हरवर अडकलेला एक प्रोग्राम बंद करायला अकोल्याहून कुणी गाडी काढत नाही. ते काम रिमोट डेस्कटॉपने जागेवरूनच होतं.

रिमोट डेस्कटॉप म्हणजे काय?

दूरच्या संगणकाची स्क्रीन आपल्या स्क्रीनवर दिसते आणि आपला माऊस-कीबोर्ड तिकडे चालतो. विंडोजमध्ये ही सोय आधीपासूनच असते. एक-दोन सर्व्हर असतील तर काहीच अडचण नाही. पण दोन्ही शहरांतल्या शाखा मिळून आठ-दहा सर्व्हर झाले की सगळ्या खिडक्या सारख्याच दिसू लागतात. अकोल्याचा समजून अमरावतीचा सर्व्हर रीस्टार्ट होतो आणि तिथल्या काउंटरवरची रांग थांबते.

घडी कशी बसवावी?

नाव: नुसता आयपी पत्ता लक्षात राहत नाही. ‘अकोला-लेखा-१’, ‘अमरावती-बॅकअप-१’ असं शहर आणि काम सांगणारं नाव द्यावं.

गट: मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन मॅनेजर’ सगळी कनेक्शन एका झाडासारख्या यादीत ठेवतं. आधी शहर, मग काम असे गट करता येतात. गटाला दिलेली सेटिंग त्यातल्या सगळ्या सर्व्हरना लागू होते. सुरक्षेतल्या त्रुटीमुळे २०२० मध्ये हे साधन मागे घेतलं होतं, २०२१ मध्ये ते दुरुस्त होऊन परत आलं. त्यामुळे जुनी प्रत वापरू नये. ‘एमरिमोटएनजी’ आणि लिनक्सवरचं ‘रेमिना’ हे इतर मोफत पर्याय आहेत.

ओळख: ‘बीजीइन्फो’ हे छोटं साधन सर्व्हरचं नाव त्याच्या वॉलपेपरवरच लिहितं. आपण कुठे आहोत, हे काम सुरू करण्याआधीच कळतं.

बाहेर पडताना काय लक्षात ठेवावं?

खिडकी नुसती बंद केली तर कनेक्शन तुटतं, पण सेशन सर्व्हरवर चालूच राहतं. विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी साधारणपणे दोनच सेशन मिळतात. दोघांनी ती अशी अडवून ठेवली की तिसऱ्याला आत जाता येत नाही. म्हणून काम संपल्यावर ‘साइन आउट’ करावं. आणि ‘शट डाउन’ दाबण्याआधी दोनदा विचार करावा. बंद झालेला सर्व्हर रिमोट डेस्कटॉपने पुन्हा चालू करता येत नाही. बहुतेक वेळा तिथल्या कुणाला तरी बटण दाबावं लागतं.

सर्वात मोठा धोका कोणता?

रिमोट डेस्कटॉप ३३८९ या पोर्टवर चालतो. हा पोर्ट इंटरनेटवर थेट उघडा ठेवला तर पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न दिवसरात्र होत राहतात. पोर्टचा नुसता क्रमांक बदलून भागत नाही. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ नावाची त्रुटी सापडली, तेव्हा प्रकरण इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली.

सर्व्हर हातचे गेले की काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि राज्यभरातल्या कार्यालयांचं काम ठप्प झालं.

त्यामुळे आधी व्हीपीएन, मग रिमोट डेस्कटॉप हा क्रम ठेवावा. शक्य तिथे ओटीपीसारखी दुसरी तपासणी लावावी. पासवर्ड एक्सेलमध्ये लिहून व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत. प्रत्येकाचं खातं वेगळं असावं आणि नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद करावं.