वासावरून वस्ती कशी ओळखू येते? सोलापूरचे उदाहरण

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या बोळात पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याला तंबाखूचा उग्र वास लगेच जाणवतो. तिथेच दारात सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या बाईला मात्र तो जाणवतही नाही. नाक दोघांचेही शाबूत आहे. मग हा फरक का?

नाकाला सवय कशी होते?

एकच वास सतत येत राहिला, की काही मिनिटांतच त्याची जाणीव बोथट होते आणि मेंदू नव्या वासांकडे लक्ष देतो. काही दिवस परगावी राहून परतल्यावर स्वतःच्या घराचा वास क्षणभर जाणवतो, तो यामुळेच.

वासाने जुनी जागा का आठवते?

पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींचे संदेश मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. वासाचे संदेश मात्र तिथे न थांबता भावना आणि स्मरणाशी संबंधित भागांपर्यंत पोहोचतात. म्हणून एखाद्या वासासरशी जुनी गल्ली आठवते, तीही त्या वेळच्या भावनेसह.

सोलापूरचे वास कुठून येतात?

मुख्यतः कामातून. विडीसाठी तेंदूची पाने भिजवून, कापून त्यात तंबाखू भरतात. हे काम बहुतांशी महिला घरीच करतात, त्यामुळे कारखान्याचा वास घरात येतो. चादरी-टॉवेलच्या यंत्रमागांजवळ सुताचा आणि तेलाचा वास असतो, मार्केट यार्डात कांद्याचा, तर शेंगा चटणीच्या दुकानाबाहेर भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि लसणाचा. काम थांबले की वासही जातो. कापड गिरण्या बंद पडल्या, तसा त्यांच्या परिसराचा वासही सरला.

वास चांगला की वाईट, हे कोण ठरवते?

तंबाखूचा वास शेजाऱ्याला त्रासाचा वाटेल. विडी वळणाऱ्या घरासाठी तो आठवड्याच्या मजुरीचा असतो. पण इथे एक धोका आहे. नाकाला सवय झाली, तरी फुप्फुसांना होत नाही. तंबाखूच्या धुळीने खोकला, डोळ्यांची जळजळ, डोकेदुखी असे त्रास होतात. स्वयंपाक, झोप आणि विड्या एकाच खोलीत असतील, तर ती धूळ मुलांपर्यंतही पोहोचते. वास येत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, असे मानता येत नाही.

शहरे वासाची नोंद ठेवतात का?

परिसराच्या अशा गंधचित्रासाठी भूगोलतज्ज्ञ डग्लस पोर्टियस यांनी १९८५ मध्ये 'स्मेलस्केप' हा शब्द वापरला. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००१ मध्ये देशभरातील १०० सुगंधी ठिकाणांची यादी केली. तीत फुलबागा आहेत, तसाच ओसाकातील त्सुरुहाशी स्टेशनजवळचा भाजलेल्या मांसाचा आणि किमचीचा दरवळही आहे. सोलापूरची अशी यादी करायची, तर चटणीचा वास तीत सहज बसेल. तंबाखूच्या वासापाशी मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागेल: त्या खोलीत खिडकी आहे का?