क्रुशेवोची माणसं कुणी मोजली?

बाल्कनच्या इतिहासात नव्यानं पाऊल टाकणाऱ्या वाचकाला मी इस्तंबूल किंवा बेलग्रेडच्या आधी क्रुशेवोला घेऊन जाईन. उत्तर मॅसिडोनियातलं हे छोटं शहर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर, डोंगरउतारावर वसलं आहे. राजधान्यांच्या इतिहासात सुलतान, सेनापती आणि तह भेटतात. माणसं कुठून आली, कोण म्हणून नोंदली गेली आणि कुठं पांगली हे मात्र अशाच गावात जवळून पाहता येतं.

क्रुशेवोला शहराचं रूप मुख्यतः निर्वासितांनी दिलं. अठराव्या शतकात, आजच्या आग्नेय अल्बेनियात, मोस्कोपोले ही भरभराटीची पेठ होती. तिथं छापखाना होता आणि १७४४ पासून ‘नवी अकादमी’ म्हणून नावाजलेलं विद्यालय होतं. तिथली बहुतेक वस्ती व्लाखांची होती. हा समाज धर्मानं ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, त्याची भाषा लॅटिन कुळातली आणि रुमानियनच्या जवळची. मेंढपाळी, खेचरांच्या तांड्यांवरची मालवाहतूक आणि व्यापार हे त्याचे पिढीजात व्यवसाय. १७६९ मध्ये आणि पुन्हा १७८८ मध्ये मोस्कोपोले लुटलं गेलं. तिथून निघालेल्या कुटुंबांपैकी काही क्रुशेवोत आली आणि स्लाव शेजाऱ्यांसोबत स्थिरावली. ऑर्थोडॉक्स अल्बेनियनांची घरंही याच वस्तीत होती.

वासिल कांचोव यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या मॅसिडोनियाच्या लोकगणनाविषयक ग्रंथात क्रुशेवोची लोकसंख्या ९,३५० दिली आहे : ४,९५० बल्गेरियन, ४,००० व्लाख आणि ४०० ख्रिस्ती अल्बेनियन. आकडे नेटके आहेत, म्हणूनच त्यांच्यापाशी थांबायला हवं. कांचोव मॅसिडोनियातल्या बल्गेरियन शाळांचे निरीक्षक होते, पुढे बल्गेरियाचे शिक्षणमंत्री झाले. इथल्या स्लाव भाषकांना त्यांनी बल्गेरियन गणलं. सर्बियन लेखक त्याच लोकांना सर्ब म्हणत. ग्रीक बाजूची गणती पॅट्रिआर्क या ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुखाच्या चर्चला मानणाऱ्यांना ग्रीक धरी, त्यामुळं कांचोवांचे बरेचसे व्लाख तिथं ग्रीक होऊन बसत. उस्मानी दफ्तराचा हिशेब आणखी वेगळा होता. त्याला भाषेशी देणंघेणं नव्हतं, तुम्ही कोणत्या धर्मपीठाचे एवढंच त्याला हवं होतं. १८७० मध्ये सुलतानानं स्वतंत्र बल्गेरियन धर्मपीठाला मान्यता दिली आणि एका चर्चच्या जागी दोन झाली. १९०५ मध्ये व्लाखांनाही वेगळा समाज म्हणून मान्यता मिळाली. गावात ग्रीक, बल्गेरियन आणि रुमानियन शाळा होत्या. मुलाला कोणत्या शाळेत घालायचं या निर्णयावर घराचं राष्ट्र ठरू लागलं होतं. त्या काळच्या मॅसिडोनियात सख्खे भाऊ वेगवेगळ्या राष्ट्रांचे म्हणून नोंदले गेल्याचे दाखले आहेत. माझ्या मते या अभ्यासाची खरी गोडी इथंच आहे : आकड्याकडे वळण्याआधी त्याच्यावरचा रकाना वाचायचा आणि तो कुणी, कशासाठी आखला ते विचारायचं.

उस्मानी सत्तेविरुद्धचा १९०३ च्या ऑगस्टमधला इलिन्देन उठाव क्रुशेवोला जगाच्या नकाशावर घेऊन आला. बंडखोरांनी शहर ताब्यात घेतलं, शिक्षक निकोला कारेव यांच्या नेतृत्वाखाली दहाएक दिवसांचं प्रजासत्ताक उभं केलं आणि त्याच्या मंडळात वेगवेगळ्या समाजांना जागा दिली. उस्मानी सैन्य परतल्यावर जाळपोळ आणि लूट झाली. तिचा सर्वांत मोठा फटका सधन व्लाख घरांना बसला. बचावात मारले गेलेले पितु गुली हेही व्लाखच. आज या उठावावर मॅसिडोनियन आणि बल्गेरियन असे दोन्ही इतिहास हक्क सांगतात. १९७४ मध्ये शहरावरच्या टेकडीवर उभारलेलं मकेदोनियुम स्मारक त्यांतल्या पहिल्या कथनाचं आहे.

१९१२ नंतर सत्ता सर्बियाकडे गेली, दोन्ही महायुद्धांत बल्गेरियन सैन्य आलं आणि १९४४ नंतर युगोस्लाव्हियातलं मॅसिडोनियन प्रजासत्ताक आलं. सत्तेगणिक आडनावांची शेपटं बदलली : इच, ओव्ह, स्की. बाल्कनच्या कागदपत्रांत एकच घराणं शोधताना ही शेपटं आठवणीत ठेवली नाहीत तर माणसं हातातून निसटतात. २००२ च्या जनगणनेत शहरात ५,३३० लोक होते आणि त्यांतल्या १,०२० जणांनी स्वतःला व्लाख म्हणून नोंदवलं. शतकभरात वस्ती इतकी आटली ती जाळपोळ, युद्धं आणि रोजगारासाठी प्रिलेप, बितोला, स्कोप्ये किंवा परदेशाकडे गेलेल्या पिढ्यांमुळं. पण व्लाखांचा ४,००० वरून १,०२० वर आलेला आकडा केवळ स्थलांतरानं समजत नाही. घरी व्लाख बोलणारी आणि अर्जावर मॅसिडोनियन लिहिणारी माणसंही त्यात आहेत, आणि त्यांची निवड खोटी ठरवण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. मोजणी हा इथं आजही नाजूक विषय आहे : देशाची २०११ ची जनगणना सुरू होऊन मध्येच रद्द करावी लागली.

नव्या अभ्यासकासाठी वाटा खुल्या आहेत. व्लाखांच्या भाषेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावोगाव फिरलेले जर्मन विद्वान गुस्टाव वायगांड वाचावेत. व्लाखांच्या डोंगरातल्या जीवनासाठी वेस आणि थॉम्पसन यांचा १९१४ चा ग्रंथ आहे. क्रुशेवोच्या आठवणी कशा घडल्या, यावर कीथ ब्राउन यांनी २००३ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं आहे. स्लाव भाषांपैकी एखादी येत असेल तर सुरुवात होते, पण व्लाख व्यापाऱ्यांची पत्रं आणि हिशेब बहुधा ग्रीकमध्ये असतात आणि कराच्या वह्या उस्मानी तुर्कीत. एकट्यानं हे सगळं पेलत नाही. म्हणून एकच घराणं निवडावं, आणि चर्चची नोंद, शाळेचा पट, कराची वही आणि जनगणना यांत त्याचा माग काढत जावं.