संकेतस्थळ : उद्घाटनानंतरच खरी कसोटी

अमेरिकेच्या केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ या संकेतस्थळावरून आरोग्य विम्याची नोंदणी सुरू केली. २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार ३६ राज्यांतील नागरिकांना विमा निवडण्याचा हा प्रमुख मार्ग होता. पहिल्याच दिवशी लाखो नागरिकांनी त्याकडे धाव घेतली. नोंदणी मात्र अवघ्या सहा जणांची पूर्ण झाली. १ जानेवारी २०१४ पासून विमा हवा असणाऱ्यांसाठी डिसेंबरमधील मुदत असल्याने प्रत्येक वाया गेलेला दिवस मोलाचा होता.

नियोजनातील उणिवा

उद्घाटनाची तारीख ठरलेली होती. प्रणालीने नेमके काय करावे, हे मात्र शेवटपर्यंत बदलत राहिले. अनेक कंत्राटदारांनी तयार केलेले भाग एकत्र जोडण्याची जबाबदारी सरकारी कार्यालयाने स्वतःकडे ठेवली. संपूर्ण प्रणालीची सलग चाचणी उद्घाटनाला जेमतेम दोन आठवडे उरले असताना सुरू झाली. योजना पाहण्यापूर्वीच खाते उघडण्याची सक्ती असल्याने सारी गर्दी प्रवेशद्वारातच अडली. अमेरिकी सरकारच्या लेखा संस्थेने जुलै २०१४ च्या अहवालात परिणामकारक नियोजन व देखरेखीच्या अभावावर बोट ठेवले. मुख्य प्रणालीच्या कामावरील खर्च ५ कोटी ६० लाख डॉलरवरून २० कोटी ९० लाख डॉलरच्या पुढे गेला होता.

दुरुस्ती कशी झाली?

ऑक्टोबरअखेर जेफ्री झाइंट्स यांच्याकडे दुरुस्तीची सूत्रे आली आणि समन्वयासाठी एकच प्रमुख कंत्राटदार नेमण्यात आला. संकेतस्थळाची प्रकृती एका दृष्टिक्षेपात दाखवणारा फलकच तोवर नव्हता. तो प्रथम बसवण्यात आला. माइकी डिकर्सन यांच्यासारख्या तंत्रज्ञांच्या उपस्थितीत रोज बैठका होऊ लागल्या. दोष कोणाचा यापेक्षा अडचण कशी सुटेल, यावरच तेथे चर्चा करण्याचा दंडक होता. १ डिसेंबरपर्यंत ४०० हून अधिक त्रुटी दूर झाल्या. पान उघडण्यास लागणारा सरासरी वेळ आठ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आला. एप्रिल २०१४ पर्यंत राज्यांच्या स्वतंत्र संकेतस्थळांसह नोंदणी ८० लाखांवर पोहोचली.

बोध

नव्या प्रणालीच्या जोडणीची जबाबदारी एकाच्या हाती असावी, चाचणीसाठी पुरेसा अवधी राखून ठेवावा आणि आधी थोड्या वापरकर्त्यांना प्रवेश देऊन मग दारे सर्वांसाठी उघडावीत. देखरेख व दुरुस्तीचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. इमारतीप्रमाणेच संकेतस्थळाचीही डागडुजी अखंड करावी लागते. तिची तरतूद आधी केली नाही, तर त्याची किंमत अखेर रांगेत ताटकळणाऱ्या सामान्य नागरिकाला मोजावी लागते.