प्रस्तावना : जनगणना वाचणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी १८६४ मध्ये मुंबई शहराची शिरगणती झाली, तेव्हा लोकसंख्या भरली ८,१६,५६२. आठ वर्षांनी, १८७२ मध्ये, तीच मुंबई ६,४४,४०५ वर आलेली दिसते. पावणेदोन लाख माणसे गेली कुठे? हे दोन आकडे नुसते शेजारी ठेवले तर शहरात प्लेग शिरला असावा असे वाटेल. पण प्लेग यायला अजून चोवीस वर्षे होती. खरा खुलासा अमेरिकेत आहे. तिथल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला भलताच भाव आला, पैसा वाहू लागला आणि त्यामागून माणसेही आली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि आलेली माणसे आपापल्या मुलखाला परतली.

या पुस्तकाच्या वाचकाला अशाच प्रकारचे वाचन शिकायचे आहे. जनगणनेच्या खंडांबद्दल आपल्याकडे दोन टोकांच्या सवयी आहेत. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी साक्षरतेचे प्रमाण आणि लोकसंख्येची घनता पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. राजकारणी मंडळी सोयीचा आकडा उचलतात आणि सभेत फेकतात. दोघेही आकड्यापाशी थांबतात. अभ्यासक मात्र आकड्याच्या मागे असलेल्या प्रश्नापाशी जातो: कोणी विचारले, कोणाला विचारले, कोणत्या शब्दांत विचारले आणि उत्तर कोणत्या रकान्यात बसवले? माझ्या मते हा सारा विषय या चार प्रश्नांत आहे. पुढची प्रकरणे कुठूनही वाचायला घेतलीत तरी हे प्रश्न सोबत ठेवा.

बायकांच्या कामाचे उदाहरण घेऊ, कारण त्याहून बोलके दुसरे नाही. १९६१ च्या गणनेत कामगार कोण, याची व्याख्या सैल होती. शेतीसारख्या हंगामी कामात हंगामाच्या बऱ्याचशा काळात रोज तासाभराहून अधिक नियमित काम केले, तरी ती व्यक्ती कामगार ठरत असे. १९७१ मध्ये प्रश्न बदलला. तुमचा मुख्य व्यवसाय काय, असे आधी विचारले गेले. घर सांभाळून निंदणी-खुरपणीला जाणारी बाई या प्रश्नाच्या उत्तरात ‘घरकाम’ झाली. दहा वर्षांत देशातल्या स्त्रियांचा कामातला सहभाग कागदावर जवळजवळ निम्म्यावर आला. रानात काही बदलले नव्हते. १९८१ मध्ये मुख्य कामगार आणि सीमांतिक कामगार असे दोन वर्ग केले गेले. वर्षातले सहा महिने काम केले की मुख्य, त्याहून कमी तर सीमांतिक. १९९१ मध्ये शेतावरचे किंवा घरच्या धंद्यातले बिनपगारी कामही धरावे, असे प्रश्नातच घातले गेले. पुढे घरच्या वापरापुरते दूध काढणेही कामात आले. भाकरी थापणे मात्र अजून आलेले नाही.

यात आणखी एक पदर आहे, तो छापील व्याख्येत सापडत नाही. दारात आलेल्या प्रगणकाला उत्तर देतो बहुधा घरातला कर्ता पुरुष. बायको काय करते, या प्रश्नाला त्याचे उत्तर ठरलेले: ‘काही नाही, घरीच असते.’ प्रगणक शिक्षक असतो, त्याला दिवसाभरात इतकी घरे उरकायची असतात, तो पुढे जातो. तेव्हा स्त्रियांच्या श्रमाचा तक्ता वाचताना आपण तीन गोष्टी एकदम वाचत असतो: बाईचे काम, नवऱ्याची त्या कामाकडे पाहण्याची नजर आणि सरकारची व्याख्या. त्यांना वेगळे करणे अवघड आहे. पण या विषयाची खरी गोडीही तिथेच आहे.

आता जात. हा भाग वाचकाला सर्वात ओढून घेईल, हे मला माहीत आहे, आणि सध्याच्या दिवसांत ते साहजिकही आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला. १६ जूनच्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवली. बर्फाळ प्रदेशांसाठी ती १ ऑक्टोबर २०२६ आहे. सर्व जातींची मोजणी होऊन तिचे तक्ते प्रसिद्ध झाले, असे याआधी शेवटचे १९३१ मध्ये घडले होते. १९४१ ची गणना महायुद्धामुळे अर्धीमुर्धी राहिली आणि स्वतंत्र भारताने अनुसूचित जाती-जमातींपलीकडे जात मोजायची नाही असे ठरवले.

त्या ठरावाला विरोध करणारा एक आवाज आज फारसा आठवला जात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ च्या भाषावार राज्यांविषयीच्या पुस्तिकेत १९५१ च्या जनगणनेतून जातीचे तक्ते गाळल्याबद्दल सडकून टीका केली आहे. कोणत्या प्रांतात कोणत्या जातीचे संख्याबळ किती, हे कळल्याशिवाय भाषावार राज्यात अल्पसंख्य जातींचे काय होईल हे सांगता येणार नाही, हा त्यांच्या विवेचनाचा रोख. नोंद थांबवली म्हणून जात थांबत नाही, हे पुढच्या सत्तर वर्षांनी दाखवले. मंडल आयोगाने १९८० मध्ये इतर मागासवर्गीयांचे प्रमाण ५२ टक्के धरले, ते १९३१ च्या आकड्यांचा आधार घेऊन. पन्नास वर्षे जुन्या तक्त्यावर देशाचे सर्वात वादग्रस्त धोरण उभे राहिले.

पण मोजणे सोपे असते तर प्रश्नच नव्हता. १९०१ मध्ये जनगणना आयुक्त रिस्ले यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेप्रमाणे उतरंड लावायला घेतली, तेव्हा देशभरातून जातसभांचे अर्ज आले. आम्हाला वरच्या वर्णात नोंदवा, अशी प्रत्येकाची मागणी. पुढच्या गणनेत ती उतरंड सोडून द्यावी लागली. १९३१ मध्ये ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत हा आकडा ४६ लाखांच्या वर गेला, असे केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. त्याच प्रतिज्ञापत्रात उदाहरण आपल्या राज्याचे होते: महाराष्ट्रात अधिसूचित जाती ४९४, आणि या गणनेत आढळलेल्या ४,२८,६७७. कारण सरळ आहे. कुणी जात विचारल्यावर पोटजात सांगितली, कुणी कुळ, कुणी आडनाव. आणि एकच नाव दहा प्रगणकांनी दहा तऱ्हांनी लिहिले. आधी यादी तयार नव्हती, नंतर जुळणी झाली नाही. २०२७ च्या गणनेचे यशापयश प्रश्नाच्या राजकारणापेक्षा या कारकुनी वाटणाऱ्या कामावर अधिक अवलंबून असेल, असे माझे मत आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला जुन्या नोंदींची धग वेगळी सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ मार्च २०२१ च्या निकालाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील ओबीसी आरक्षणासाठी अनुभवजन्य माहितीची अट घातली गेली आणि राज्याजवळ ती नव्हती. निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरला सरकारी कागदपत्रांत स्थान मिळाले. निजामाच्या राजवटीतल्या कुणा लेखनिकाने एका रकान्यात काय लिहिले, यावर आज एखाद्या तरुणाचा दाखला ठरू शकतो.

इथे अभ्यासकांत एक जुना वाद आहे आणि नवागताने तो ओळखून घ्यावा. बर्नर्ड कोन यांनी मांडले की वसाहतीच्या जनगणनेने भारतीयांना स्वतःच्या समाजाकडे रकान्यांतून पाहायला शिकवले. निकोलस डर्क्स यांनी २००१ मधल्या आपल्या ग्रंथात हा विचार आणखी पुढे नेला. सुमित गुहा यांचे म्हणणे वेगळे: माणसे, घरे आणि ओळखी मोजण्याची रीत इंग्रजांच्या आधीपासून इथे होती. वसुलीसाठी आणि वेठीसाठी राज्ये खानेसुमारी करीत, आणि लोकही त्या नोंदींना आपापल्या परीने वळण देत. मराठी कागदपत्रांशी ज्याचा थोडाफार परिचय आहे त्याला गुहांची बाजू जवळची वाटेल, मलाही वाटते. जात इंग्रजांनी घडवली, हे वाक्य भाषणात चांगले वाजते, पण पेशवे दफ्तरासमोर टिकत नाही. मात्र देशभर एकाच काळात, एकाच साच्यात मोजणी करून ती छापून विकायला ठेवणे ही गोष्ट नवीन होती, हे कोन यांच्याकडून घ्यायलाच हवे.

स्थलांतराविषयी थोडक्यात. २०११ मध्ये जन्मस्थान किंवा आधीचे वास्तव्य वेगळे असलेले सुमारे ४५ कोटी लोक देशात होते. हा आकडा ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर कुर्ला टर्मिनसवर उतरणारी गर्दी येते. प्रत्यक्षात या स्थलांतरितांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांचे कारण लग्न. या देशातला सर्वात मोठा स्थलांतरित गट म्हणजे सासरी आलेली बाई, आणि परप्रांतीयांवरच्या कुठल्याही वादात तिचे नाव नसते.

जनगणना काही वेळा असे सांगते की ते ऐकून गप्प बसता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य; साल १९८८. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी उतरत गेली. बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. कायदा कागदावर आहे आणि सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याला पोहोचले आहे, हे या तक्त्याने कुठल्याही चौकशी समितीच्या आधी सांगितले. स्त्रियांच्या घटत्या प्रमाणाचा प्रश्न प्रवीण विसारिया आणि पुण्याच्या कुमुदिनी दांडेकर यांनी त्याच्या कितीतरी आधी याच खंडांतून उकलायला घेतला होता. गोखले अर्थशास्त्र संस्था आणि देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था या दोन्ही आपल्या राज्यात असताना मराठीत या विषयावर इतके कमी लिहिले जावे, याची खंत हे पुस्तक लिहिण्यामागे आहेच.

मोजणी न होण्याचेही परिणाम असतात. १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता होणारी गणना २०२१ मध्ये पहिल्यांदा झाली नाही. महायुद्धातही ती झाली होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ आणि शहरी भागातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. पण हे टक्के २०११ च्या लोकसंख्येवर काढलेले, म्हणून लाभार्थ्यांची मर्यादा ८१ कोटींच्या आसपास अडली. २०११ नंतर वाढलेल्या कुटुंबाला रेशन दुकानात ‘कोटा संपला’ असे ऐकावे लागते, त्याचे मूळ इथे आहे. राज्यांमधील लोकसभेच्या जागांची वाटणी १९७१ च्या लोकसंख्येवर गोठलेली आहे, आणि ८४ व्या घटनादुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशीच ठेवली. कुटुंबनियोजन मनावर घेतलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांना ही मोजणी का बोचते, याची उकल शेवटच्या प्रकरणात आहे. महिला आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्तीही याच साखळीला बांधली गेली.

हे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी आहे, पत्रकारांसाठी आहे, आणि प्रगणक म्हणून पाठवल्या जाणाऱ्या शिक्षकांसाठी तर नक्कीच आहे. या कामाबद्दल त्यांच्या तक्रारी रास्त असल्या तरी इतका मोठा समाजशास्त्रीय दस्तऐवज त्यांच्याच अक्षरात तयार होतो. गणित येत नाही म्हणून कुणी मागे राहू नये. भागाकार आणि टक्केवारी आली की पुरे. वाचायला सुरुवात करताना देशाचे खंड उघडू नका, आपल्या जिल्ह्याची जनगणना पुस्तिका काढा. तीत गाववार तक्ते आहेत. आपले गाव शोधा, तिथली कामकरी स्त्रियांची संख्या पाहा, आणि मग त्या सालच्या प्रगणकांना दिलेल्या सूचना शेजारी ठेवून वाचा. पटली नाही तर आईला किंवा आजीला विचारा की त्या वर्षी ती कुणाच्या रानात जात होती.